‘ऑन्स्लॉट’ला मराठीत काय म्हणावे? मुरुमजवळच्या एका रस्त्याची आणि एका शब्दाची गोष्ट

थ्रेड नेहमीपेक्षा लांब आहे. सवडीने वाचावा.

लघुप्रबंधासाठी एका इंग्रजी लष्करी वृत्तांताचा मराठी अनुवाद करीत होते. संदर्भ १३ सप्टेंबर १९४८ चा, स्थळ नळदुर्ग. सगळे सुरळीत चालले असताना ‘ऑन्स्लॉट’ या एका शब्दापाशी मी अडले. शब्दकोशांनी ‘भीषण हल्ला’, ‘जोरदार आक्रमण’, ‘प्रखर चढाई’ असे पर्याय पुढे केले. प्रत्येक ठिकाणी एका शब्दाचे काम दोन शब्द करीत होते, आणि तरीही काहीतरी मागे राहात होते.

मागे काय राहात होते, ते या शब्दाच्या कुळात डोकावल्यावर उलगडले. ‘ऑन्स्लॉट’ मुळात इंग्रजीचा नव्हे. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात तो डच भाषेतून आला. डच शब्द ‘आन्स्लाख’. त्यातल्या ‘आन’ म्हणजे ‘वर’ आणि ‘स्लाख’ म्हणजे प्रहार, तडाखा. त्या काळी स्पेनविरुद्धच्या डचांच्या लढ्यात कित्येक इंग्रज शिपाई लढत होते. शिपाई जिथे जातो तिथून शब्द घेऊन येतो. (आपल्याकडून इंग्रजांनी पुढे ‘लूट’ नेली, तीही शब्दासकट.) इंग्रजीत आल्यावर या पाहुण्याचा उच्चार आणि लेखन कत्तलवाचक ‘स्लॉटर’च्या घरच्यासारखे झाले. त्यामुळे आजही हा शब्द ऐकताना इंग्रजी कानाला त्यात नुसता हल्ला ऐकू येत नाही, कापाकापीही ऐकू येते.

म्हणून ‘ऑन्स्लॉट’ आणि साधा ‘अटॅक’ यांत फरक आहे. मधमाश्यांचा हल्ला होतो, बिबट्याचा हल्ला होतो, तो होतो आणि संपतो. ‘ऑन्स्लॉट’मध्ये वजन असते, सातत्य असते, आणि समोरच्याला श्वास घेऊ न देणे असते. क्रिकेटचे इंग्रजी समालोचक शेवटच्या षटकांत हा शब्द सैल हाताने वापरतात. जाहिरातींच्या माऱ्यालाही तो लावला जातो. पण सगळीकडे भाव एकच: ज्याच्यावर हे कोसळते, त्याला उत्तर द्यायला उसंत मिळत नाही.

मराठीत याला एक नाम शोधण्यात मी आठवडा घालवला. नंतर ध्यानात आले की मराठी हा भाव नामात ठेवतच नाही, क्रियापदात ठेवते. ‘तुटून पडणे’. फौज शत्रूवर तुटून पडते. तुटून पडण्यात वरून कोसळण्याचा वेग आहे आणि मागे न पाहण्याचा निर्धार आहे. ‘चालून जाणे’, ‘कापून काढणे’, ‘हातघाईवर येणे’ ही त्याचीच भावंडे. ज्यांना आपल्या भाषेत लष्करी शब्द नाहीत असे वाटते, त्यांनी शब्दकोशातली नामे सोडून क्रियापदे चाळावीत.

आणि नामे नाहीत असेही नव्हे. नामे उदंड आहेत, फक्त त्यांची धार गेली आहे. ‘स्वारी’ फारसीतून आली, मूळ अर्थ घोड्यावर बसणे. मग ती मुलूखगिरी झाली, आणि आज ‘स्वारी कुठे निघाली?’ असे आपण नटूनथटून निघालेल्या भाच्याला विचारतो. ‘मोहीम’ लसीकरणाची असते. ‘चढाई’ कबड्डीच्या मैदानावर उरली. ‘धाड’ प्राप्तिकर खात्याची. ‘एल्गार’ हा मूळचा तुर्की शब्द, घोडदळाने अचानक, भरधाव केलेल्या मुसंडीचा. आज तो मोर्च्याच्या फलकावर असतो. ‘भाऊगर्दी’ पाहा. पानिपतावर सदाशिवरावभाऊंच्या फौजेची जी वाताहत झाली तिच्यावरून आलेला हा शब्द आज निवडणुकीच्या तिकिटासाठी जमलेल्या इच्छुकांना लावतात! शिवकाळात राज्यव्यवहारकोशाने फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले, तरी ‘स्वारी’ आणि ‘मोहीम’ काही हलल्या नाहीत. शब्द हुकमाने हलत नाहीत. ते वापराने झिजतात.

झिजणे मला समजते. माझा वाद आहे तो दुसऱ्या प्रकारच्या शब्दाशी, जो जन्मतःच बोथट घडवलेला असतो.

त्याआधी एक वळण घेते, कारण हल्ल्याचे नाव कोण ठेवतो हा प्रश्न आपल्यालाही चुकलेला नाही. नागपूरकर भोसल्यांच्या फौजा १७४२ पासून जवळपास दशकभर बंगालवर चालून जात होत्या. आपल्या इतिहासात त्या ‘बंगालच्या स्वाऱ्या’. बंगालमध्ये त्याच घटनेचे नाव ‘बर्गीर हांगामा’. बर्गी म्हणजे आपला बारगीर. ज्याला घोडा आणि हत्यार सरकारातून मिळे तो बारगीर, स्वतःचा घोडा आणी तो शिलेदार. आपल्या दप्तरातला हा निव्वळ हिशेबी शब्द, किती बारगीर, किती दाणा, किती वैरण. बंगालमध्ये तो अंगाईगीतात जाऊन बसला, मुलांना भीती घालण्यासाठी. शब्द तोच, पण तो दप्तरात लिहिणारा आणि दाराआड ऐकणारा यांच्यामध्ये एक नांगी तलवार होती.

हे मनात ठेवून आता मुरुमकडे या.

माझे गाव मुरुम, तालुका उमरगा. सोलापूर-हैदराबाद रस्ता आमच्या उत्तरेने जातो, पश्चिमेला नळदुर्ग, पूर्वेला उमरगा, आणि आम्ही साधारण या दोहोंच्या मध्ये, रस्त्यापासून आत. (रस्त्यावर पसरतात तो मुरूम आणि आमचे मुरुम यावरचे विनोद माझे ऐकून झाले आहेत.) १९४८ मध्ये हा सगळा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि सोलापूर भारतात. म्हणजे सरहद्द आमच्या उशाशी होती.

१३ सप्टेंबरच्या पहाटे भारतीय सैन्याने याच रस्त्याने संस्थानात प्रवेश केला. मुख्य फौज मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्या हाताखालची, सोलापूरच्या बाजूने. पहिली लढाई नळदुर्गला झाली. बोरी नदीवरचा पूल उडवला जाण्याआधीच ताब्यात घेणे हा तिचा कळीचा मुद्दा होता, आणि तो साधला. सकाळी नऊच्या सुमारास चिलखती तुकडी जळकोटला पोहोचली. दुपारी सव्वातीनच्या सुमारास ती उमरग्यात होती, सरहद्दीपासून सुमारे ६० किलोमीटर आत. दुसऱ्या बाजूने तुळजापुरावर वेगळी तुकडी गेली. तिथे निजामाचे सैनिक आणि सुमारे २०० रझाकार दोन तास लढले. तीच तुकडी पुढे लोहाऱ्याकडे निघाली, तेव्हा मात्र पूर आलेल्या नदीने तिला अडवले. भाद्रपदातल्या आमच्या नद्यांनी त्या दिवशी जेवढा प्रतिकार केला, तेवढा फारसा कोणी केला नाही, असे मी म्हटले तर मार्गदर्शक रागावतील. पण ते फारसे खोटे नाही.

१४ तारखेला फौज उमरग्याहून राजेश्वरकडे निघाली. वाटेत दबा धरलेल्या जागा हवाई टेहळणीत दिसल्या होत्या, म्हणून टेम्पेस्ट विमानांनी आधी त्यांवर मारा केला. माझी आजी तेव्हा सहा वर्षांची होती. तिला एवढेच आठवते की आभाळातून आवाज आला आणि तिच्या आईने तिला ओढत तुरीच्या शेतात नेऊन आडवे पाडले. चिखल तोंडात गेला होता, असे ती दरवेळी सांगते.

१७ सप्टेंबरला निजामाने युद्धबंदी जाहीर केली. दुसऱ्या दिवशी सेनापती अल इद्रुस यांनी शरणागती पत्करली. पाच दिवस. रणगाडे, तोफा, विमाने, पायदळ. त्या इंग्रजी वृत्तांतात ‘ऑन्स्लॉट’ शब्द आला तो यासाठी, आणि तो अगदी योग्य जागी आला होता.

मग या घटनेचे अधिकृत नाव काय? ‘पोलीस ॲक्शन’.

या नावाची गंमत बारकाईने पाहण्यासारखी आहे. लष्कराच्या आतली नावे वेगळी होती. मोहिमेचे सांकेतिक नाव ‘ऑपरेशन पोलो’. सोलापूरच्या फौजेचे जे गट पाडले त्यांची नावे ‘स्ट्राइक फोर्स’, ‘स्मॅश फोर्स’, ‘किल फोर्स’ आणि ‘वीर फोर्स’. मराठीत सांगायचे तर तडाखा, चुराडा, ठार आणि वीर. आत शिपायाला सांगताना भाषा ही. बाहेर जगाला सांगताना शब्द निवडला तो असा, जणू कोणी हवालदार दंडुका घेऊन भांडण सोडवायला गेला आहे. संरक्षण मंत्रालयाच्या इतिहास विभागाने १९७२ मध्ये काढलेल्या अधिकृत इतिहासाच्या शीर्षकात तर ‘ऑपरेशन पोलो’ आणि ‘पोलीस ॲक्शन’ ही दोन्ही नावे शेजारी शेजारी नांदतात. आणि या ‘पोलिसी’ कामानंतर संस्थानाचा कारभार कोणाकडे गेला? लष्करी गव्हर्नर म्हणून चौधरींकडे. पोलिसांनी केलेल्या कारवाईनंतर लष्करी गव्हर्नर का लागावा, हे कोणी विचारल्याचे वाचनात नाही.

कारण उघड आहे, आणि मी ते निंदेने सांगत नाही. हैदराबादने ऑगस्टमध्येच संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडे धाव घेतली होती. १६ सप्टेंबरला, म्हणजे फौजा बीदरच्या दिशेने सरकत असताना, पॅरिसला तो विषय परिषदेच्या कामकाजात आला. ‘युद्ध’ म्हटले की दोन राष्ट्रे आली, मग हैदराबाद हे राष्ट्र ठरले असते. ‘पोलीस’ म्हटले की घरातला मामला. त्या आठवड्यात त्या शब्दाने एक मुत्सद्दी काम केले आणि चोख केले.

पण हा शब्द त्या वेळी नवा नव्हता, आणि इथे ‘ऑन्स्लॉट’चे माहेर पुन्हा भेटते. जुलै १९४७ मध्ये डचांनी इंडोनेशियाच्या नवजात प्रजासत्ताकावर मोठी लष्करी चढाई केली. तिला त्यांनी दिलेले नाव: ‘पोलिसी कारवाई’. डिसेंबर १९४८ मध्ये तसलीच दुसरी. ज्या भाषेने इंग्रजीला हल्ल्याचा सर्वांत उग्र शब्द दिला, तिनेच तीनशे वर्षांनी हल्ल्याचे सर्वांत सौम्य नाव चलनात आणले. पहिल्या डच कारवाईविरुद्ध ३० जुलै १९४७ ला सुरक्षा परिषदेत कोण गेले? ऑस्ट्रेलिया आणि भारत. तेराच महिन्यांनी आपण तोच शब्द आपल्या मोहिमेला लावला. दोन घटना सारख्या नाहीत, हे स्पष्ट सांगते. डच समुद्रापलीकडून वसाहत परत घ्यायला आले होते. हैदराबादेतली बहुसंख्य जनता स्वतःच विलीनीकरण मागत होती. घटना वेगळ्या, पण शब्दाची युक्ती एकच. १९५० मध्ये कोरियाच्या युद्धालाही एका पत्रकाराने ‘पोलीस ॲक्शन’ म्हणावे का असे विचारले आणि अमेरिकेचे अध्यक्ष ट्रुमन यांनी होकार भरला. ते युद्ध तीन वर्षे चालले.

एखादा शब्द आठवडाभर मुत्सद्देगिरीसाठी वापरावा, त्याला माझी हरकत नाही. पंचाहत्तर वर्षांहून अधिक काळ तोच आपण पाठ्यपुस्तकात, प्रश्नपत्रिकेत आणि भाषणात बिनदिक्कत वापरतो, त्याला आहे. कारण त्याने दोन गोष्टी झाकल्या गेल्या.

पहिली, लढा. ‘पोलीस कारवाई’ म्हटले की प्रश्न कायदा-सुव्यवस्थेचा होतो. काही गुंड माजले होते, पोलीस आले, गुंड पकडले. मग स्वामी रामानंद तीर्थांचे काय? ७ ऑगस्ट १९४७ चा ‘भारतात सामील व्हा’ दिन, सत्याग्रह, तुरुंग, सरहद्दीवरची शिबिरे यांचे काय? आमच्याच भागातल्या हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेतून जे घडले ते कोणत्या कलमाखाली नोंदवायचे? हा राजकीय लढा होता. त्याचा शेवट लष्करी चढाईने झाला. ‘पोलीस’ शब्द दोहोंनाही लहान करतो.

दुसरी गोष्ट सांगायला अवघड आहे. आणि मला ती मुरुममध्ये बसून सांगायची आहे.

‘रझाकार’ या शब्दाचा मूळ अर्थ स्वयंसेवक. लातूरला वकिली करणाऱ्या कासिम रझवीच्या नेतृत्वाखाली त्या शब्दाचे काय झाले, ते इथल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. बारगीराची बर्गी झाली तसेच. मे १९४८ मधले बीदर जिल्ह्यातल्या गोरट्याचे हत्याकांड आमच्यापासून फार दूर घडले नाही. विलीनीकरणाची बाजू मांडणारे ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान यांना २२ ऑगस्टला हैदराबादेत ठार केले गेले. ही दहशत खरी होती. तिला ‘ऑन्स्लॉट’ म्हणायला मी क्षणभरही कचरणार नाही.

आणि १७ सप्टेंबरनंतर जे झाले तेही खरे होते. केंद्राने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांच्या समितीने १९४८ च्या अखेरीस संस्थानात फिरून अहवाल दिला. कारवाईदरम्यान आणि नंतर मारल्या गेलेल्यांची संख्या, सावध अंदाजाने, २७ ते ४० हजार अशी त्यांनी धरली. यांत बहुतांश मुसलमान होते. सर्वाधिक झळ बसलेले चार जिल्हे म्हणून जी नावे आहेत त्यांत पहिल्या ओळीत उस्मानाबाद आहे, म्हणजे आजचे धाराशिव. सोबत गुलबर्गा, बीदर, नांदेड. रझाकारांच्या अत्याचारांची नोंद त्याच अहवालात आहे. शेजाऱ्यांना लपवणाऱ्या, वाचवणाऱ्या हिंदूंचीही आहे. सरदार पटेलांना समितीचे निष्कर्ष मान्य नव्हते. आकड्यांवर वाद होऊ शकतो, व्हावा. पण अहवाल दशकानुदशके लोकांपुढे आलाच नाही, मग वाद होणार कसा? दिल्लीच्या नेहरू स्मारक ग्रंथालयात तो अभ्यासकांना पाहायला मिळू लागला तोवर ते पाहिलेली माणसे बहुतेक गेली होती.

‘पोलीस ॲक्शन’ या नावाने हे शक्य केले. लढाई म्हटली की मागोमाग प्रश्न येतात: किती मेले, कोण मेले, नंतर काय झाले? पोलिसी कारवाईनंतर कोणी प्रेते मोजत नाही. पंचनामा झाला की फाईल बंद.

माझ्या आजीच्या बोलण्यात नुसते ‘ॲक्शन’ येते. ‘ॲक्शनच्या आधी विहीर पाडली’, ‘ॲक्शनच्या साली थोरल्याचा जन्म’. आमच्या गल्लीच्या टोकाला एक चाची राहतात, आजीच्याच वयाच्या. दोघींचे जन्मभराचे येणे-जाणे, शीरखुर्मा इकडे, पुरणपोळी तिकडे. चाचीही ‘ॲक्शन’च म्हणतात. पण आजीच्या तोंडी ‘ॲक्शन’नंतर वाक्य पुढे जाते. चाचींच्या तोंडी ते तिथे थांबते. मी लहानपणापासून ऐकत आले आणि माझ्या लक्षात यायला इतिहासाची पदवी घ्यावी लागली. उर्दूत लिहिणाऱ्यांकडे वेगळा शब्द आहे, ‘सुकूत-ए-हैदराबाद’, हैदराबादचे पतन. चाची तो कधी वापरत नाहीत. तो नवाबांच्या हवेल्यांचा शब्द आहे. मुरुमच्या गल्लीत पडायला कोणाचे तख्त नव्हते.

यावर मला ठराविक आक्षेप येतो: ‘म्हणजे तुला मुक्ती मान्य नाही का?’ मान्य आहे. १७ सप्टेंबरला झेंडावंदनाला मी दरवर्षी जाते. निजामी राजवट जायला हवी होती आणि ती सैन्याविना गेली नसती असे मला वाटते. म्हणूनच तर तिला सरळ नाव द्यायला आपण का लाजावे? आवश्यक होती ती चढाई होती. यशस्वी झाली ती चढाई होती. ‘मुक्तिसंग्राम’ हा शब्द लोकांच्या लढ्यासाठी ठेवावा. पाच दिवसांच्या मोहिमेला ‘लष्करी चढाई’ म्हणावे. त्यानंतरच्या महिन्यांसाठी ‘कत्तल’ हा शब्द मराठीत आहे, गोरट्याला लावतो तोच. तीन गोष्टींना तीन नावे. ‘पोलीस ॲक्शन’ पुसून टाकावा असे मी म्हणत नाही. तो अवतरणचिन्हांत राहावा, तत्कालीन सरकारने वापरलेली संज्ञा म्हणून, एका ओळीच्या खुलाशासह. विद्यार्थ्याने तो उत्तरात लिहिला तर गुण द्यावेत, पण का म्हणत होते हेही विचारावे.

डच लोकांना हे करायला फार वेळ लागला. २०२२ मध्ये, मोठ्या संशोधन प्रकल्पाचे निष्कर्ष आल्यावर, त्यांचे पंतप्रधान मार्क रुटे यांनी त्या काळातल्या हिंसेबद्दल इंडोनेशियाच्या जनतेची माफी मागितली. तिथले अभ्यासक आता त्या ‘पोलिसी कारवायां’ना युद्ध म्हणतात.

तर माझ्या अनुवादाचे काय झाले? ‘ऑन्स्लॉट’साठी मी शेवटी नाम वापरलेच नाही. ‘फौजा नळदुर्गावर तुटून पडल्या’ असे लिहिले आणि प्रकरणाच्या शीर्षकात ‘लष्करी चढाई’. मार्गदर्शकांनी मसुदा परत दिला तेव्हा ‘तुटून पडल्या’ला हात लावलेला नव्हता. ‘चढाई’खाली मात्र पेन्सिलीची रेघ होती आणि समासात ‘पोलीस कारवाई?’. प्रश्नचिन्ह माझ्या बाजूचे आहे असे मी धरून चालले आहे.

एक विनंती. मराठवाड्यातल्या, बीदर-गुलबर्ग्याकडच्या वाचकांनी घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारावे की त्या भाद्रपदाला ते काय म्हणत: ॲक्शन, रझाकारी, गडबड, पळापळ, की आणखी काही. शब्द त्यांच्याच उच्चारात, सोबत गाव आणि तालुका एवढे खाली लिहावे. व्यक्तींची नावे नकोत. मुरुम, उमरगा, लोहारा आणि आळंदकडचे शब्द माझ्याकडे आहेत, तुळजापूरच्या वरचे फार थोडे आहेत.